दारव्ह्याजवळच्या नाल्याचे पॉइंट एकीकडे, ड्रोनचा फोटो दुसरीकडे

प्रश्न:
दारव्हा तालुक्यातला सहा मीटर रुंदीचा नाला खोल करायचाय. सिव्हिल थ्रीडी या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ३१२ सर्व्हे पॉइंट, ड्रोनचा फोटो आणि इस्रोच्या भुवन पोर्टलवरचं कार्टोडेम (उपग्रहावरून केलेला जमिनीच्या उंचीचा नकाशा) एकत्र आणतोय. पॉइंटचं ईस्टिंग (पूर्व-पश्चिम जागा सांगणारा मीटरमधला आकडा) १ लाख ६३ हजार, फोटोचं ७ लाख ८९ हजार. उंचीतही साठेक मीटरचा फरक. पावसाळ्याआधी काम व्हायला हवं, शेजारच्या वावरात दरवर्षी पाणी शिरतं. काय चुकतंय?

उत्तर १:
भाऊ, ७८ अंश रेखांश आपल्या जिल्ह्यातूनच जातो. यूटीएम ही नकाशाची पद्धत पृथ्वीचे उभे पट्टे म्हणजे झोन पाडते आणि तिथे झोन बदलतो. यवतमाळ शहर झोन ४४ मध्ये, दारव्हा, दिग्रस, पुसद ४३ मध्ये. तुमचे पॉइंट ४४ मध्ये काढलेले दिसतात. ते हाताने सरकवू नका, फिरलेलेच राहतील. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये ३२६४४ (झोन ४४ चा कोड) वरून ३२६४३ (झोन ४३ चा) मध्ये रूपांतर करून घ्या.

उंचीचं वेगळं. कार्टोडेमची उंची एलिप्सॉइडवरून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारावरून मोजलेली, तुमची बेंचमार्कची (उंची ठरलेल्या खुणेवरून घेतलेली) समुद्रसपाटीपासून. आपल्याकडे जिऑइड, म्हणजे समुद्रसपाटीची पातळी, एलिप्सॉइडच्या बराच खाली आहे, म्हणून हा फरक.

उत्तर २:
कार्टोडेमच्या तीस मीटरच्या ग्रिडला (दर तीस मीटरला एकच उंची) सहा मीटरचा नाला दिसतच नाही! कार्टोडेम फक्त वरच्या पाणलोटासाठी ठेवा. नाल्याचे काठ, तळ आणि धुरे (शेताचे बांध) यांना ब्रेकलाइन (जिथे उतार एकदम बदलतो ती रेघ) देऊन पॉइंटचा वेगळा सरफेस, म्हणजे जमिनीचं मॉडेल, करा, मग तो कार्टोडेमवर पेस्ट करा. मी एकदा धुऱ्याची ब्रेकलाइन विसरलो, आणि मॉडेलमध्ये पाणी थेट पऱ्हाटीतून वाहिलं.

प्रश्नकर्ता:
झोन बदलला, विहिरीचा कठडा फोटोवर बरोबर बसला. आता धुरे घेतो.