अनुभव धागा: सुट्टी कोणाची, खाडा कोणाला?

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शाळेवर शिकवते. कलेक्टरच्या हाती वर्षाला 3 स्थानिक सुट्ट्या असतात, त्या वर्षी आमच्या यादीत पोळा नव्हता. वर्गात 23 पैकी 4 पोरं आली. एकाच्या नखांत बैलाच्या शिंगाचा लाल रंग तसाच होता, म्हणे मॅडम लवकर सोडा, पोळ्याचं तोरण तुटाच्या आधी जा लागते. बाकी 19 जणांपुढे गैरहजर मांडताना फार वाईट वाटलं. वरती विचारलं तर उत्तर एकच, यादीत नाही. यादी करताना गावाला कोणी विचारतं का? तुमच्याकडे सणावरून, जयंतीवरून, सरकारी दिवसावरून काय झालं ते लिहा. स्वतःचंच लिहा, ऐकीव नको.

जिनिंगवर होतो तेव्हाचं
बाबासाहेबांनी 1956 ले नागपूरले दीक्षा घेतली तेव्हा विजयादशमी होती अन तारीख 14 ऑक्टोबर. पुढं दसरा मागंपुढं सरकते म्हणून कोणी अशोक विजयादशमीले दीक्षाभूमीवर जाते, कोणी 14 ले, आमच्या घरी 14 पाळतात. सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणे दसऱ्याची भेटते ना तुले, आता हे कायची? माय म्हातारी, तिले एकटीले त्या गर्दीत कसं पाठवू, गेलो मी. 2 दिवसाचा खाडा लावला. पैशाचं जाऊ द्या, पण "तुमचे सण लई झाले" हे सगळ्यायसमोर बोलला ते अजून टोचते. दसऱ्याले मशीनच्या पूजेचा नारळ फोडाले तोच मले हाक मारे अन मी मनापासून फोडत होतो.

यवतमाळकडून
आमाले सुट्टी म्हणजे मजुरीचा रोज बुडते, मंग ती कोणत्याबी देवाची असो. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, ह्या दिवशी ग्रामसभा ठेवतात, लोकं मोकळे असतात म्हणून. कोण मोकळं असते? 2 ऑक्टोबरले सोयाबीन सोंगाची घाई, सकाळीच टोळी निघते. घरकुलाचा विषय होता म्हणून मी एकटी थांबली. कोरम भरला नाही, सभा तहकूब, रोज गेला.

1 मे
आमच्या गावात झेंडावंदन झालं की चौकात काही जण काळ्या फिती बांधून वेगळ्या विदर्भाच्या घोषणा देतात. माझे वडील दोन्हीकडे उभे राहायचे. त्यावरून घरातच भांडण.

अमरावती जिल्हा, टेलरिंग करतो
2023 ला अनंत चतुर्दशी अन ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आले, 28 सप्टेंबर. आमच्या मोठ्या लोकांनी ठाण्यात शांतता समितीत सांगितलं की विसर्जन होऊ द्या, जुलूस आम्ही 29 ला काढतो, अन सरकारनंही ईदची सुट्टी 29 ला केली. विसर्जनाच्या दिवशी मी मशिदीच्या कोपऱ्यावर पाण्याच्या कॅन घेऊन उभा होतो, मंडळाची पोरं चाचा चाचा करत पाणी पिऊन गेली, त्यातलेच दोघं दुसऱ्या दिवशी जुलूसात सरबत वाटायला आले. गावाचं सगळं नीट झालं. पण माझ्या पोरीच्या कॉलेजनं 29 चा पेपर काही हलवला नाही, म्हणे टाइमटेबल आधीच लागलं. ती ईदचा नवा ड्रेस घालून पेपरला गेली, मीच शिवला होता, संध्याकाळी परत आली तोपर्यंत जुलूस संपला होता.