मदत हवी आहे: पंजाबी पद्धतीची सुकी आलू-मेथी

पुढच्या आठवड्यात लेक आणि जावई नाशिकला येताहेत. जावई लुधियान्याचे. त्यांच्याकडे थंडीत आलू-मेथी सारखी होत असते आणि विहीणबाईंच्या हातची मी खाल्ली आहे. अगदी कोरडी. बटाट्याच्या फोडी बाहेरून खरपूस, आतून मऊ, मेथी त्यांना चिकटून बसलेली आणि मोहरीच्या तेलाचा वास. सोबत फुलके आणि वाटीभर घट्ट दही. मसाला म्हणावा असं त्यात काही दिसलंच नाही.

मी करते ती मात्र आपली मेथीची परतून भाजीच होते, फक्त त्यात बटाटा. लसूण-मिरचीची फोडणी, कांदा, बटाटा, वर मेथी, मीठ, झाकण ठेवून वाफ. घरात कोणी नाक मुरडत नाही, पण ती चव ती नव्हे. बटाटा शिजेपर्यंत मेथी काळपट पडते, पाणी सुटतं आणि ते आटवताना फोडींचे कोपरे मोडून सगळं गिच्च होतं.

विहीणबाईंना फोन केला. "कुछ नहीं बहनजी, आलू डालो, मेथी डालो, अंदाज़े से नमक." झालं! बाई सुगरण आहेत, पण माप विचारलं की हसतात.

तर जाणकारांनो, बटाटा आधी उकडून घ्यायचा की कच्चाच टाकायचा? मेथीला मीठ लावून पिळायचं का? कांदा-टोमॅटो असतो का? आणि आमच्याकडे मोहरीच्या तेलाची सवय नाही, त्याचा उग्रपणा कसा घालवायचा? जावयांसमोर नवा प्रयोग नको, आधी एकदा करून बघणार आहे.

— शेवंती

---

गव्हाची_कोंडी: मेथी निवडून, धुऊन मग चिरा. चिरून धुतली की चव पाण्यात जाते. माती असते म्हणून दोन-तीन पाण्यांतून काढायची, पण पाणी ओतून टाकू नका, पानं वर उचलून घ्या म्हणजे माती तळाशी राहते. नंतर पंचावर पसरून ठेवा. ओली मेथी कढईत गेली की वाफवलेली भाजी होणारच.

सतलजकाठी: शेवंतीताई, आम्ही नोकरीनिमित्त बरीच वर्षं जालंधरला होतो. शेजारी शिकलेली पद्धत लिहिते.

ही बटाट्याची भाजी आहे, मेथी तिला लावायची असते. आपण उलट धरून चालतो, तिथेच सगळं फिरतं. अर्धा किलो बटाट्याला निवडलेली मेथी पाव किलोच्या आत. बटाटा उकडायचा नाही. कच्च्याच, अर्ध्या इंचाच्या फोडी करा, पाण्यातून काढा (वरचा पिठूळपणा गेला की त्या एकमेकींना चिकटत नाहीत) आणि कोरड्या पुसा.

जाड बुडाच्या पसरट कढईत तीन-चार मोठे चमचे मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवा, मग गॅस बंद करून मिनिटभर थांबा. उग्रपणा तिथेच जातो. पुन्हा मंद आचेवर जिरं, हिंग, सुकी लाल मिरची, ठेचलेला लसूण. मग बटाटे, हळद आणि बटाट्यापुरतंच मीठ. मध्यम आच, आणि सारखं ढवळू नका. एक बाजू तांबूस झाली की उलथन्याने उलटा. झाकण ठेवायचंच तर याच टप्प्यावर, थोडा वेळ. पाण्याचा थेंब नाही.

सुरी फोडीत सहज गेली की मगच मेथी, झाकण न ठेवता. ढीग दिसेल, घाबरू नका, पाच मिनिटांत मूठभर होते. म्हणून तिच्या वाटचं मीठ ती बसल्यावर, चव बघून घाला. झाकणाखाली पानातली आंबट वाफ कोंडते आणि हिरवा रंग मरतो. तेल सुटून पानं फोडींना धरली की झालं. आमचूर अगदी शेवटी, अर्धा चमचा. आंबट आधी पडलं तर बटाटा लवकर शिजत नाही, टोमॅटोचंही तेच.

कांदा-टोमॅटो घालणारी घरंही आहेत, पण तुम्ही वर्णन केलेली भाजी बिनकांद्याची वाटते.

खापरपणजी: पिळू नका! कडूपणा मुख्यतः जाड देठांत असतो, ते काढले की पुरे. पिळलेली मेथी म्हणजे चोथा. आणि मुंबईची ती इवलीशी समुद्रमेथी घेऊ नका, ती या भाजीत विरघळून दिसेनाशी होते. मोठ्या पानांची जुडी घ्या.

सतलजकाठी: पिळण्याबद्दल थोडं वेगळं मत. मेथी जून असेल तर तिथल्या काही बायका मीठ लावून हलकेच पिळतात. थंडीतल्या कोवळ्या मेथीला गरज नाही. आणि बटाटे फ्रिजमध्ये ठेवत असाल तर काढून ठेवा. गारठ्यात त्यांच्यातल्या पिठाची साखर होते, मग फोडी गोडसर लागतात आणि शिजण्याआधीच करपतात. नवा बटाटा मिळाला तर सालासकट टाका, पंजाबात नवा बटाटा आणि मेथी थंडीत बरोबरच येतात.

विदर्भी_ठेचा: लोखंडी कढईत केली तर चालेल का? आमच्याकडे तीच आहे.

सतलजकाठी: चालेल, खरपूसपणा उलट छान येतो. फक्त आमचूर घातल्यावर भाजी तिच्यात ठेवू नका, लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. नाहीतर काळी पडते आणि लोखंडाची चव उतरते.

शेवंती: मंडळी, खूप आभार! आज सकाळी सतलजकाठींच्या पद्धतीने केली. मेथी हिरवी राहिली, फोडी अख्ख्या. आमच्या ह्यांना मोहरीच्या तेलाचा वास अजून जड वाटतोय, म्हणून त्यांच्यापुरती वेगळी शेंगदाणा तेलात करेन. आता एकच विचारते: दुसऱ्या दिवशी उरलेली भाजी कुस्करून पराठ्यात भरता येते का? लेक म्हणते, सासरी डब्याला तेच असतं.

सतलजकाठी: येते. ओवा आणि बारीक चिरलेली हिरवी मिरची घाला, मीठ पुन्हा नको. पण फ्रिजमधून काढल्यावर आधी तव्यावर कोरडी परता, गार भाजीला पाणी सुटलेलं असेल तर पराठा लाटताना फाटतो.