मालिकेतल्या अपंग मुलीने स्थळाला 'नको' म्हटलेलं कुणी पाहिलंय का?

निशिगंध :

नमस्कार मंडळी. गेले तीन शनिवार आई आणि मी नेटफ्लिक्सवर 'लव्ह ऑन द स्पेक्ट्रम' बघतोय. ऑटिझम असलेले तरुण मुलगे-मुली जोडीदार शोधतात आणि कॅमेरा त्यांच्यासोबत फिरतो, असा कार्यक्रम आहे. मूळ ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीचा, २०१९ चा. अमेरिकेतला वेगळा २०२२ मध्ये आला आणि त्याला एमी पारितोषिकंही मिळाली. आम्ही अमेरिकेतला बघतोय.

माझ्याबद्दल सांगते, म्हणजे प्रश्न कुठून आला ते कळेल. मला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. वय ३३, राहायला डोंबिवलीत, नोकरी ठाण्याला एका बँकेत. चालताना एक कुबडी लागते. बोलणं जड आहे, शब्द ओढत येतात. समोरच्याला घाई असली की तो माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतो. सगळ्यात जास्त वेळा आईच करते, आणि प्रेमानेच करते.

परवाच्या भागात एक मुलगी एका मुलासोबत जेवायला गेली. छान बोलली, हसली. नंतर तिला विचारलं, पुन्हा भेटायला आवडेल का? ती थोडा विचार करून म्हणाली, मुलगा चांगला आहे, पण मैत्रीच ठेवावीशी वाटते. मेथी निवडता निवडता आईचा हात थांबला. "अगं, नको म्हणाली? एवढा चांगला मुलगा होता की!"

हेच वाक्य मी चार वर्षांपूर्वी ऐकलं होतं. पनवेलचं स्थळ आलं होतं. मुलाला लहानपणी पोलिओ झालेला, पायात कॅलिपर, नोकरी पक्की. दोन्हीकडच्यांचं आधीच ठरल्यासारखं होतं, "दोघं एकमेकांना समजून घेतील." पोहे झाले, चहा झाला. त्याची मावशी माझ्याबद्दलचे सगळे प्रश्न आईला विचारत होती, मी समोर बसलेली असताना. मुलगा मात्र सभ्य होता. माझ्याशी बोलला, मला माझं वाक्य पुरं करू दिलं. त्याच्यात नाव ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. माझं मन बसलं नाही, एवढंच. माझ्या चुलत बहिणीने याच कारणावरून तीन मुलं नाकारली आणि घरात कुणी भुवई उचलली नाही. मी नाही म्हटलं तर बाबा उठून गॅलरीत गेले आणि चार दिवस घरात कुणी धड बोललं नाही. शेवटी आईने त्यांना फोन करून पत्रिका जमत नाही म्हणून कळवलं. तोवर माझी पत्रिका कुणी मागितलीसुद्धा नव्हती.

या कार्यक्रमातलं सगळंच मला पटतं असं नाही. प्रत्येकाची ओळख 'याला अमुक आवडतं, तमुक आवडत नाही' अशी यादी वाचून करून देतात, ती बालवाडीतल्या मुलांची वाटते. भेटी बहुतेक ऑटिझम असलेल्यांच्याच आपापसात ठरवतात, म्हणजे तिथेही 'समजून घेतील'च. आणि बघणारे सगळे म्हणतात, किती गोड! मी हा शब्द आयुष्यभर ऐकत आलेय. गोड म्हटलेल्या मुलीला मनात काही इच्छा असतील, रात्री कुणाची आठवण येत असेल, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. तरीही त्या एका नकारासाठी मी तो भाग तीनदा लावला.

आता आपल्याकडे या. आपल्या मराठी-हिंदी मालिकांत नायिका अपघातात आंधळी होते आणि लग्नाच्या सुमाराला ऑपरेशन होऊन तिला दिसायला लागतं. किंवा खलनायिका व्हीलचेअरवर बसून सगळ्यांना फसवते आणि खोलीचं दार लागलं की उठून चालते. किंवा नायक उदार होऊन अपंग नायिकेला 'स्वीकारतो'. तो स्वीकारायला आल्यावर तिने शांतपणे "मला तुम्ही आवडला नाहीत" असं म्हटलेलं कुणी पाहिलंय का? नाव आठवत नसलं तरी प्रसंग सांगा. मला खरंच हवंय.

(मी अपंग हाच शब्द वापरते, मला तो टोचत नाही. त्यावर चर्चा नको, प्लीज.)

मिरजेचा मास्तर :

ताई, मी जन्मांध आहे, शाळेत इतिहास शिकवतो. टीव्ही मी कानाने बघतो, त्यामुळे मला संगीत आधी कळतं. तुम्ही म्हणता तो कार्यक्रम माझ्या भाचीने लावला होता. कुणी जरा वेगळं बोललं की मागे तारा छेडल्यासारखं टुण्-टुण् वाजतं. आता हसायचं, ही सूचना. मालिकांत आंधळी मुलगी आली की बासरी. एकदा तरी तिच्या मागे काहीच न वाजता तिला नुसतं बोलू द्यावं.

आणि ते चेहऱ्यावरून हात फिरवणं! नायकाची ओळख पटवायला ती बोटांनी त्याचं कपाळ, नाक, ओठ चाचपते. मी दोनशे तरी अंध माणसं ओळखत असेन, पहिल्या भेटीत कुणी कुणाच्या तोंडाला हात लावत नाही. माझी बायकोही अंध आहे. आम्ही आधी आठ महिने फोनवर बोलत होतो. पहिल्यांदा भेटलो ते मिरज जंक्शनच्या प्लॅटफॉर्मवर, आणि आधी आमच्या काठ्याच एकमेकींवर आपटल्या. ती म्हणाली, "सरका की जरा." आवाजावरून दोघांनाही कळलं. मी तिच्यासाठी भडंगाचं पाकीट नेलं होतं, ते तिने तिथेच फोडलं. असं साधं कुणी दाखवत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, मालिकेत नाही पाहिलं. पण तो 'स्वीकारतो' शब्द तुम्ही बरोबर पकडलात, त्याबद्दल एक सांगतो. राज्य सरकारची २०१४ ची एक योजना होती, अपंग आणि अव्यंग व्यक्तीच्या विवाहाला ५० हजारांचं साहाय्य. आमच्या लग्नानंतर मी चौकशीला गेलो तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, तुम्ही दोघंही अंध, मग बसत नाही. पैशांचं दुःख नव्हतं. पण धडधाकट माणसाने आमच्यातल्या कुणाशी लग्न केलं तर ते बक्षीस देण्याजोगं, हे कागदावरच होतं. मालिका लिहिणाऱ्यांच्या डोक्यात तरी वेगळं काय असणार?

लेस्टरकर :

इंग्लंडात बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांच्या घरांत मी मदतनीस म्हणून काम करतो. इकडचा अनुभव सांगतो.

इथे चॅनल फोरवर २०१२ ते २०२० 'द अनडेटेबल्स' नावाचा कार्यक्रम चालला. नावाचा अर्थच 'ज्यांच्याशी प्रेम जमवता येणार नाही असे'. शीर्षकाच्या चित्रफितीत त्या शब्दातलं सुरुवातीचं नकारार्थी 'अन' गळून पडतं, म्हणजे आम्ही हा समज मोडतोय असं वाहिनीला सांगायचं होतं. पण रस्त्यावरच्या मोठ्या जाहिरात फलकावर काही गळून पडत नाही. तिथे माणसांचे फोटो आणि तो शब्द. तेव्हा त्यावर बराच गदारोळ झाला. आणि त्याच वर्षी, त्याच वाहिनीने लंडन पॅरालिंपिकची जाहिरात 'सुपरह्युमन्स', म्हणजे महामानव म्हणून केली. मी ज्यांच्यासोबत काम करतो ते यातले कुणीच नाहीत. त्यांना शुक्रवारी पबमध्ये जायचं असतं.

त्यात टीव्ही कधीच न दाखवणारी अडचण म्हणजे आमच्या शिफ्टा. मदतनिसाची पाळी रात्री १० ला संपते, म्हणून ९ वाजताच कोट घालून निघायचं. गाणं चालू असो, कुणाचा हात हातात असो. ब्रायटनमधल्या 'हेवी लोड' या पंक बँडच्या हे लक्षात आलं, कारण त्यांच्या कार्यक्रमातून ९ वाजता अर्धी माणसं उठून जायची. बँडमध्येच बौद्धिक अपंगत्व असलेले वादक होते. त्यातून 'स्टे अप लेट' ही मोहीम उभी राहिली. मी स्वतः एका जोडप्याला असं ९ ला उठवलंय. ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझी बायको तुला ९ ला घरी पाठवते का?" त्यानंतर मी पाळी बदलून मागितली.

नकाराबद्दल : 'अनडेटेबल्स'मध्येही नकार असायचे, पण मला आठवतात ते बहुतेक समोरच्याने दिलेले. आपल्या माणसाचा पडलेला चेहरा कॅमेरा सोडत नसे.

सुमेध_क :

मला वाटतं तुम्ही जरा कठोर होताय. काहीच दाखवत नव्हते त्यापेक्षा हे बरं ना? माझ्या भावाला ऑटिझम आहे. हा कार्यक्रम बघून आमच्या आजीने पहिल्यांदा विचारलं, "याचंही लग्न करायचं का रे?" आमच्या घरात हा प्रश्न आधी कुणी उच्चारलाच नव्हता.

एडिसनची आई :

सुमेध, तुमच्या आजींना माझा नमस्कार सांगा.

मी न्यू जर्सीत राहते. माझा मुलगा २६ वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम आहे आणि गेली दोन वर्षं त्याची एक मैत्रीण आहे. दोघांची ओळख बोलिंगच्या गटात झाली. या कार्यक्रमातले अ‍ॅबी आणि डेव्हिड त्याला फार आवडतात, सिंहांच्या वेडामुळे जमलेली जोडी. ते आफ्रिकेत सिंह बघायला गेले तो भाग आमच्याकडे पाठ आहे.

पण मला एक आई म्हणून बोलायचंय. कार्यक्रम पहिल्या भेटीवर खूप वेळ घालवतो, पुढच्या हिशेबावर नाही. इथे अपंग आणि अत्यल्प उत्पन्न असलेल्यांना एसएसआय नावाची मदत मिळते. २०२५ मध्ये एकट्या माणसाला महिन्याला जास्तीत जास्त ९६७ डॉलर. दोघांनाही ती मिळत असेल आणि त्यांनी लग्न केलं, तर दोघांचे मिळून १,४५०, म्हणजे दुप्पट नव्हे, दीडपट. बँकेत शिल्लक ठेवायची मर्यादा एकट्याला २,००० आणि जोडप्याला ३,०००. म्हणून इथली कितीतरी जोडपी लग्न करत नाहीत. मुलाने मला विचारलं, "आई, टीव्हीवर कुणी हे का सांगत नाही?" मी त्याला कागदावर आकडे मांडून दाखवले होते. तो आकड्यांत हुशार आहे, लगेच म्हणाला, ४८४ डॉलर कमी. तो कागद त्याने फ्रिजवर लावलाय.

निशिगंध, तुमच्या प्रश्नासाठी : 'अ‍ॅज वी सी इट' ही अमेरिकन मालिका मिळाली तर बघा. २०२२ ची, आठच भाग आहेत. ऑटिझम असलेले तीन तरुण एकत्र राहतात आणि तिघांच्याही भूमिका ऑटिझम असलेल्या कलाकारांनीच केल्यात. त्यातल्या व्हायोलेटला प्रियकर हवाय आणि ते ती मोठ्याने सांगते. भावाची काळजी आणि तिचं मन यांची रोजची झटापट आहे. ती बघताना मी त्या भावाच्या जागी होते. मीही मुलाचा फोन तपासलाय. आता तपासत नाही.

कायद्याची_विद्यार्थिनी :

थोडी भर घालते. ८ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या प्रकरणात पडद्यावरच्या अपंगत्वाच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. अपंगांना हिणवणारा विनोद आणि अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद यांत न्यायालयाने फरक केलाय, आणि 'आमच्याबद्दलचं आमच्याशिवाय नको' या अपंग चळवळीच्या तत्त्वावर भर दिलाय. मालिकावाल्यांना पत्र लिहायचं असेल तर याचा आधार घ्या. मसुदा करायला मी मदत करेन.

आणि सिनेमा चालत असेल तर 'मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ', २०१४. त्यातल्या नायिकेला, लैलाला, तुमच्यासारखीच सेरेब्रल पाल्सी आहे. आधी तिला नकार मिळतो, पुढे ती प्रेमात पडते, जोडीदाराला फसवते, आणि स्वतः कबूल करते. शेवटी ती नटूनथटून एकटीच बाहेर जाते, आरशात स्वतःकडे बघत बसते. अभिनेत्री अपंग नाही, हे मला खटकतं. पण लैला गोड नाही.

निशिगंध :

सगळ्यांचे मनापासून आभार. 'सरका की जरा' वाचून मी बँकेत डबा खाताना एकटीच हसले. लेस्टरकर, पाळी बदलून मागितलीत हे वाचून बरं वाटलं. पत्र मी नक्की लिहिणार, मसुद्यासाठी निरोप पाठवते. सुमेध, तुमचं म्हणणं मला मान्य आहे. आमच्या घरीही विषय याच कार्यक्रमाने निघाला, नाहीतर पनवेल हा शब्दच आमच्याकडे बंद झाला होता.

काल रात्री हा धागा आईला वाचून दाखवला. काकूंचा तो फ्रिजवरचा कागद ऐकून तिने चष्मा काढून ठेवला. मग 'मार्गारिटा' लावावा म्हणून मी रिमोट घेतला, तर म्हणाली, "थांब. त्या मुलाला तेव्हा मी कळवलं होतं, पत्रिकेचं सांगून. तुला त्याला काय सांगायचं होतं?"

मी सांगितलं. मला वेळ लागतो, तुम्हाला माहीतच आहे. दोन ठिकाणी शब्द अडकला. आईने मध्ये एकदाही माझं वाक्य पुरं केलं नाही.