उबुंटू अपग्रेड करताना लाईट गेली, आता लॅपटॉप चालूच होईना

काजूबी: नमस्कार मंडळी. काल रात्री लॅपटॉपवर उबुंटू (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टीम) 22.04 वरून 24.04 ला अपग्रेड लावला, बॅटरी कधीचीच मेलेली त्यामुळे थेट चार्जरवर चालतो, आणि आमच्या गोव्यातल्या साखळी गावात पावसात लाईटचं काय असतं ते सांगायला नको. गेलीच. आल्यावर चालू केला तर काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं आणि कॅप्सलॉकचा दिवा आपला लुकलुकतोय. म्हापशातल्या एका दुकानदाराला फोन केला तर न बघताच म्हणे हार्डडिस्क गेली, नवीन घाला. आत बाबांच्या चवथीच्या नाटकाची अख्खी संहिता आहे, कॉपी कुठेच नाही (हो, घाला शिव्या). फोंडा-पणजीपर्यंत कोणी बरा रिपेरवाला असेल तर सांगा, नाहीतर घरी काही जमेल का?

पेडणेवाला: फॉरमॅट मार नि मोकळा हो. मी दर वर्षी मारतो.

काजूबी: अहो संहिता!!

रात्रपाळी: फॉरमॅटचं नाव काढू नका. शेवटी काय लिहिलंय ते वाचून सांगा आधी.

काजूबी: कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक, कंसात 0,0.

रात्रपाळी: मग डिस्कला बहुतेक काही झालेलं नाही. नवीन कर्नल (सिस्टीमचा गाभा) बसला पण त्याची इनिटआरडी फाइल (सुरुवातीला डिस्क उघडायला लागते ती) बनायच्या आत लाईट गेली असणार, म्हणून त्याला डिस्क कशी उघडायची तेच कळत नाहीये. जुना कर्नल अजून आत असतो. चालू करताना कंपनीचा लोगो गेला की एस्केप एकदाच दाबा, ग्रबचा म्हणजे कोणता कर्नल चालू करायचा तो मेनू येईल (दोनदा दाबलं की मेनूऐवजी नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट येतो, घाबरू नका, परत चालू करा), जुनं बायॉस (लॅपटॉप चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) असेल तर शिफ्ट धरून ठेवा. त्या मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये 5.15 वाला जुना कर्नल निवडा, 6.8 वाला नवीन नको. आत शिरलात की पहिलं काम संहिता पेनड्राइव्हवर, बाकी सगळं नंतर. मग टर्मिनलात (कमांड टाइप करायची खिडकी) सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए, म्हणजे अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी होतील, त्यातच बहुतेकदा ती फाइलपण बनते. नाही बनली तर अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के आणि पुढे नवीन कर्नलचा पूर्ण नंबर, शेवटी अपडेट-ग्रब. बूटचं (चालू होतानाच्या फाइलींचं) डिस्कवर वेगळं पार्टिशन असेल तर डीएफ -एच मारून जागा बघून घ्या, तिथे जागा नसली तरी हाच एरर येतो.

काजूबी: आला!!! एस्केप चौथ्या खेपेला जमला. डीपीकेजी वीसेक मिनिटं चालत होतं, तेवढा वेळ मी आणि आई इन्व्हर्टरकडे बघत बसलेलो. आता 6.8 वर चालतोय.

पेडणेवाला: बॅटरी बदल बाबा आधी.

काजूबी: ऑर्डर केली. संहिता दोन पेनड्राइव्हवर आणि एक ईमेलवर. बाबांना सांगितलं सगळं शाबूत आहे, तर म्हणतात तिसरा अंक तसाही बदलायचाच होता.