मदत हवी आहे: सोसायटीच्या आवारात पेव्हर, ट्रायमिक्स की डांबर?

नमस्कार मंडळी. मुलुंडला आमची जुनी सोसायटी आहे. गेटपासून पार्किंगपर्यंतचं काँक्रीट पार उखडलंय, खडी वर आलीय, जिन्यासमोर पाणी तुंबतं. तिथूनच आजी-आजोबा काठी टेकत जातात, त्यामुळे पावसाळ्याआधी काम व्हायलाच हवं.

डांबर स्वस्त, पण साचलेल्या पाण्यात टिकत नाही. ट्रायमिक्स (जादा पाणी यंत्राने शोषून घट्ट केलेलं काँक्रीट) मजबूत, मात्र क्युरिंग (पाणी मारून काँक्रीट पक्कं करणं) होईपर्यंत गाड्या बाहेर आणि उद्या पाइप फुटला की तोडफोड आलीच. पेव्हर (एकमेकांना लावून बसवायचे काँक्रीटचे ब्लॉक) काढून परत बसवता येतात, म्हणून माझा कल तिकडे आहे.

पण पाण्याचा टँकर रोज येतो. ८० मिमीचे ब्लॉक घेतले तरी चाकाखाली खचतील का? खाली खडी नीट दाबली तर पुरेल, की पीसीसी (सळया नसलेल्या साध्या काँक्रीटचा थर) करावंच लागेल? कुणी हे काम करून घेतलं असेल तर दर आणि अनुभव नक्की सांगा.