मदत हवी आहे : क्षार म्हणजे नेमके काय?

शाईदौत : मुलीच्या दहावीच्या पुस्तकात सोडियम हायड्रॉक्साइडला ‘क्षार’ म्हटले आहे. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होते, असे मी शाळेत शिकलो आणि तिलाही तेच शिकवले. त्यापायी तिचे दोन गुण गेले. परवा पुन्हा चाचणी आहे, तेव्हा पुस्तक चुकले की मी, एवढेच कृपया लवकर सांगावे.

काठावरचा : पुस्तक कोणत्या मंडळाचे आहे, आणि त्यात ‘आम्लारी’ हा शब्द येतो का?

जुनी परिचारिका : वॉर्डात क्षार म्हणजे रक्तातील सोडियम-पोटॅशियम. सोडियम १३५च्या खाली गेले की डॉक्टर ‘क्षार कमी झाले’ एवढेच सांगतात आणि नातेवाईक लगेच मिठाचे सरबत पाजू लागतात, जे दर वेळी योग्य असतेच असे नाही.

शाईदौत : मी रक्ताविषयी विचारलेले नाही. ‘आम्लारी’ कोठेच नाही, ‘क्षारक’ आहे, आणि मिठाला ‘लवण’ म्हटले आहे. आम्ही इंदूरला असतो.

काठावरचा : म्हणजे पुस्तक हिंदी आहे, हे आधी सांगितले असते तर एवढा वेळ गेला नसता. आपली आम्लारी ती हिंदीत क्षारक. क्षारकांपैकी पाण्यात विरघळणारे, ज्यांना आपण अल्क म्हणतो, ते हिंदीत क्षार. आणि आपला क्षार म्हणजे तिकडचे लवण. पुस्तकही बरोबर आहे आणि तुम्हीही.

आघाडा : हिंदीचाच अर्थ मूळचा आहे. आघाड्याची राख पाण्यात कालवून, गाळून, ते पाणी आटवले की अपामार्ग क्षार मिळतो. त्याच्या द्रावणात चिमूटभर हळद टाकली तर ती लाल होते. मिठाच्या पाण्यात ती पिवळीच राहते. मराठी पाठ्यपुस्तकांनी हा शब्द विनाकारण मिठाला देऊन टाकला.

काठावरचा : शब्दाचा उगम निराळा आणि ठरवून घेतलेली संज्ञा निराळी. एक लिटर पाण्यासाठीच्या क्षारसंजीवनीच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ असते. त्या नावातील क्षार दाहक अल्क आहे, असे कोणी समजेल का?

शाईदौत : मग चुन्याची निवळी हिंदीत क्षार की क्षारक?

काठावरचा : दोन्ही. चुना थोडाच विरघळतो, पण विरघळतो, म्हणून क्षार. आणि प्रत्येक क्षार हा क्षारक असतोच. उलट म्हणता येत नाही, आणि चाचणीत नेमके तेच विचारतात.

विहीरवाला : आमच्या बोअरच्या पाण्यात फार क्षार असल्याने नळाच्या तोंडाशी पांढरा थर बसतो. रात्रभर लिंबाची फोड बांधून ठेवल्यास तो निघतो.