सीडीसी१५-२ रिलीजनंतर ४सी पीक: डीएनए पुन्हा कॉपी होतोय की पेशीच सुटत नाहीत?

शेकर_२३
स्ट्रेन: बेकरी यीस्ट डब्ल्यू३०३, हॅप्लॉइड (गुणसूत्रांचा एकच संच), मेटिंग टाइप ए, बार१ (अल्फा फॅक्टर हा फेरोमोन तोडणारं एन्झाइम) काढलेला, सीडीसी१५-२ (३७ अंशांवर सीडीसी१५ बंद पडणारं म्युटंट; तिथे पेशी मायटोसिसच्या शेवटी अडकतात). २३ अंशांवर ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) ०.२ पर्यंत वाढवून ३७ अंशांवर ३ तास. मोठ्या कळीच्या पेशी ९५ टक्क्यांच्या वर, डॅपीमध्ये (डीएनए दाखवणारा रंग) एक केंद्रक मातृपेशीत आणि एक कळीत. म्हणजे ब्लॉक पक्का बसतोय. पण २३ अंशांवर सोडल्यावर फ्लोमध्ये (फ्लो सायटोमेट्री: प्रत्येक कणातला डीएनए मोजणं) १सी पीक (१सी म्हणजे डीएनएचा एक संच, कॉपी झाल्यावर २सी) जेमतेम वर येतं, आणि पुढच्या टाइमपॉइंट्सना २सीच्या पुढे थेट ४सी. स्लाइडवर चार-चार पेशींचे घोस. ग्रुपमध्ये कोणी ‘री-रेप्लिकेशन’ (त्याच फेरीत डीएनए पुन्हा कॉपी होणं) म्हणतं, कोणी ‘सायटोकायनेसिस फेल’ (पेशी दोन भागांत विभागलीच नाही). नक्की काय ते कसं ठरवायचं?

टेलोफेज
री-रेप्लिकेशनचा विचार आत्ता नको. सीडीसी१५ ब्लॉकमधून सोडलेल्या पेशींची ही नेहमीची खोड आहे. मायटोसिसमधून बाहेर पडणं आणि एकमेकींपासून सुटणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

ब्लॉकमध्ये सीडीसी१४ फॉस्फटेज न्यूक्लिओलसमध्ये (केंद्रकातला एक भाग) नेट१ला बांधलेला असतो. ॲनाफेजच्या सुरुवातीला थोडा सुटतो, पण टेम१ → सीडीसी१५ → डीबीएफ२-मॉब१ ही प्रथिनांची सिग्नल-साखळी चालू झाल्याशिवाय तो बाहेर टिकत नाही. तापमान उतरवलं की साखळी चालते, सीडीसी१४ पेशीभर पसरतो, सीडीएच१ (सीएलबी२ नष्ट करवणारं) आणि एसआयसी१ (सीडीकेला रोखणारं) यांच्या मार्फत सीएलबी२-सीडीके हे मायटोसिस चालवणारं कायनेज बंद पाडतो. इथे मायटोसिस संपला.

भिंतीचं काम याच्यानंतर. सीडीके सीएचएस२ला (कायटिन बनवणारं एन्झाइम) फॉस्फेट लावून ईआरमध्ये (पेशीच्या आतलं पटलांचं जाळं) अडकवून ठेवतो, सीडीसी१४ ते फॉस्फेट काढतो, तेव्हा कुठे सीएचएस२ मानेपाशी (मातृपेशी आणि कळी यांच्यामधली जागा) पोचून कायटिनचा प्राथमिक पडदा घालतो. शेवटी सीबीके१-मॉब२ कायनेजच्या जोरावर एसीई२ (जनुकं चालू करणारं प्रथिन) कन्यापेशीच्या केंद्रकात साठतो, सीटीएस१सारखी एन्झाइम्स बनतात आणि कायटिन पचून पेशी सुटते.

तुमच्या पेशी ३ तास नुसत्या फुगल्यात. मातृपेशी आणि कळी, दोघीही स्टार्टच्या (नवी फेरी सुरू होण्याचा टप्पा) आकाराच्या कधीच पुढे गेल्यात, त्यामुळे जी१ (डीएनए कॉपीच्या आधीचा टप्पा) जवळजवळ शून्य. भिंत पचायच्या आत दोघी नवी कळी काढतात आणि एस फेज (डीएनए कॉपी) करतात. एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी, प्रत्येकीत २सी, फ्लो मशीनला दिसतो ४सीचा एक कण. सँपल सॉनिकेट (अल्ट्रासाउंडने घोस सोडवणं) करताय का?

शेकर_२३
हो, ५ सेकंद, सर्वात कमी पॉवर, बर्फात. घोस थोडे सुटतात, सगळे नाही. वेळ वाढवू का?

अगारप्लेट
नको. वाढवलात तर पेशी फुटतात आणि १सीच्या डावीकडे कचऱ्याचा उतार येतो. मग १सीचा आकडाच विश्वासाचा राहत नाही.

आधी २० मिलिमोलर ईडीटीए (कॅल्शियम बांधून घेणारं) घालून बघा. घोस विरघळले तर ते कॅल्शियमवरचं फ्लॉक्युलेशन (पेशींचं नुसतं गोळा होणं), विभाजनाशी संबंध नाही. तसेच राहिले तर झायमोलेज (पेशीभिंत पचवणारं एन्झाइम) टेस्ट करा:

कल्चरमध्येच ३७ टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड दहाव्या हिश्श्याने घाला (अंतिम ३.७), १ तास. दोनदा धुवून १.२ मोलर सॉर्बिटॉल, ०.१ मोलर पोटॅशियम फॉस्फेट पीएच ७.५ मध्ये घ्या. दर मिलीला २ मायक्रोलिटर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल आणि ०.१ मिलिग्रॅम झायमोलेज १००टी, ३० अंश. दर ५ मिनिटांनी एक थेंब फेज कॉन्ट्रास्टखाली. चकाकती कड जाऊन पेशी मळकट करड्या दिसल्या की थांबा. हलका व्हॉर्टेक्स, मग मोजा.

फिक्सिंग आधी, झायमोलेज नंतर. उलट केलंत तर जिवंत स्फेरोप्लास्ट (भिंत गेलेल्या पेशी) धुताना-ढवळताना फुटतात, उरलेले एकमेकांना चिकटतात, आणि मोजणीला अर्थ राहत नाही.

जोड्या सुटल्या, तर सायटोप्लाझम वेगळा झालेला होता, फक्त भिंत जोडलेली होती. नाही सुटल्या, तर पटलच मिटलेलं नाही, म्हणजे सायटोकायनेसिसच अर्धवट. सोबत दोन कंट्रोल हवेतच: ३७ अंशांवर अजून ब्लॉकमध्ये असलेल्या तुमच्याच पेशी (या सुटता कामा नयेत) आणि एसीई२ डिलीशन (घोस दिसतात, पण झायमोलेजने सुटतात). पहिला कंट्रोल सुटायला लागला तर पचन जास्त झालंय, मानेपाशी तुटताहेत.

टेलोफेज
वरच्याला जोड: निकाल ‘काही जोड्या सुटत नाहीत’ असा आला तर दचकू नका. या साखळीचं काम सीडीसी१४ सोडून संपत नाही. डीबीएफ२-मॉब१ स्वतः मानेपाशी जातो आणि तिथे एचओएफ१ला (सायटोकायनेसिसचं एक प्रथिन) फॉस्फेट लावतो. म्हणून एसआयसी१ जास्त बनवून साखळीच्या म्युटंटना मायटोसिसबाहेर काढलं तरी सायटोकायनेसिसचा दोष उरतो. २३ अंशांवर आल्याबरोबर सगळा सीडीसी१५ पूर्ववत होतो असं धरून चालू नका.

मेटिंग_ए
री-रेप्लिकेशनवाल्यांना गप्प करायला सोपा कंट्रोल आहे. स्ट्रेन ए टाइपचा, बार१ नाही, तर सोडतानाच अर्ध्या फ्लास्कमध्ये अल्फा फॅक्टर घाला, ५० नॅनोग्रॅम प्रति मिली पुरे. पेशी मायटोसिस संपवून जी१मध्ये थांबतात. चिकटलेल्या जोड्या २सीवरच राहतात, हळूहळू सुटून १सीकडे येतात. ४सी पीक गायब झालं, तर ते पुढच्या फेरीचं एस फेज होतं. अल्फा फॅक्टर असूनही डीएनए वाढत गेला, तरच री-रेप्लिकेशनची चर्चा करू.

एक फसवी गोष्ट: लांबलेल्या ब्लॉकमध्ये मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाढतच राहतो, त्यामुळे २सी पीक हळूहळू उजवीकडे सरकतं. ते सरकणं आणि ४सीवरचं वेगळं पीक यात गल्लत नको.

शेकर_२३
अल्फा फॅक्टर लगेच लावतो. ब्लॉक २ तासांवर आणला तर?

टेलोफेज
९० टक्के मोठ्या कळ्या दिसल्या की सोडा, घड्याळ बघू नका. फुगणं कमी, त्रास कमी. आणि मूळ प्रश्न जर कळीनंतरच्या सुटण्याचाच असेल तर सीडीसी१५ ब्लॉक त्यासाठी चुकीचं हत्यार आहे. सरळ वाइल्ड टाइप अल्फा फॅक्टरने जी१मध्ये थांबवून सोडा, एमवायओ१-जीएफपी (मानेपाशी आकुंचन पावणाऱ्या रिंगचं चमकतं प्रथिन) लावा आणि रिंग मिटताना बघा. फ्लोपेक्षा जास्त कळेल.